बातमीची जबाबदारी

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मी पत्रकार नाही, गेली वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहिते. तरी हा विषय मी मागून घेतला, कारण मी भिवंडीची आहे. बाहेर गावाचं नाव सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे दंगलीवाली भिवंडी?" यंत्रमागांबद्दल क्वचितच कुणी विचारतं.

१९७० आणि १९८४ च्या दंगली झाल्याच. त्या नाकारायच्या नाहीत. पण डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली, हेही तितकंच खरं. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी त्याआधी काही वर्षं इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या. हिंदू, मुसलमान आणि पोलीस एकत्र बसत, एकमेकांना नावाने ओळखत. कानावर काही आलं तर विचारायला पलीकडच्या मोहल्ल्यात ओळखीचा माणूस होता. दंगल झाली की पहिल्या पानावर येते. न झालेली दंगल कुणी छापत नाही. म्हणून आपली ओळख अर्धीच राहिली.

बातमी खरी असली तरी घात होऊ शकतो. २६/११ ला वाहिन्यांनी कमांडोंच्या हालचाली थेट दाखवल्या आणि सीमेपलीकडचे सूत्रधार त्या पाहून अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात सर्वोच्च न्यायालयाने यावर कडक ताशेरे ओढले. त्यामुळे नेमकी किती हानी झाली हे सांगता येत नाही, पण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली याचं समर्थन होऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं.

आमच्या कामात चूक झाली तर जुनी आवृत्ती परत चढवता येते. बातमीला ती सोय नाही. खुलासा येतो तो आतल्या पानावर, दोन ओळींचा. प्रेस कौन्सिल वृत्तपत्राला समज देऊ शकते, दंड करू शकत नाही. आणि वाहिन्या तर तिच्या कक्षेतच नाहीत.

आता तर मोबाइलमुळे आपण सगळेच बातमीदार झालो आहोत. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. सॉफ्टवेअर मेसेजचा वेग कमी करू शकतं. तो खरा की खोटा, हे विचारण्याचं काम माणसाचंच.

आपल्या बॅचच्या ग्रुपवर कामतघर, पद्मानगर, निजामपुरा, शांतीनगर इथली माणसं आहेत. ही आपली मोहल्ला कमिटीच समजा. शहराबद्दल काही आलं की पुढे पाठवण्याआधी तिथल्या वर्गमित्राला फोन करा. हे स्वतः कुणी पाहिलं? केव्हाचं आहे? आत्ता सांगितल्याने कुणाच्या जिवाला धोका आहे का? एवढं विचारा. आणि चुकीचं गेलंच, तर ज्याने पाठवलं त्यानेच त्याच ग्रुपवर खुलासा करावा.

पत्रकारांकडून आपण हीच अपेक्षा करतो. ती आधी आपण पाळू या.