वक्तृत्व-मंडळ टिकतें कशानें?



वक्तृत्व-मंडळ काढणें फारसें कठीण नाहीं. चार उत्साही गृहस्थ, एक सतरंजी आणि उद्घाटनास एखादा नामांकित वक्ता, एवढ्यानें काम भागतें. कठीण आहे तें सहा महिन्यांनींही त्या सतरंजीवर माणसें दिसणें.

पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ति रानड्यांनीं इ. स. १८७५ मध्यें सुरू केली. पण तेथें एक बोलतो व शेंकडों ऐकतात. मंडळाचा हेतु निराळा. ऐकणाऱ्यासच येथें बोलतें करावयाचें असतें.

अमेरिकेंत राल्फ स्मेडली यांनीं इ. स. १९०५ मध्यें ब्लूमिंग्टन येथें तरुणांसाठीं ‘टोस्टमास्टर्स’ नांवाचें असें मंडळ काढलें. पुढें इतर गांवींही काढलीं. पण त्यांनीं गांव सोडलें कीं मागें मंडळ मावळे. इ. स. १९२४ मध्यें कॅलिफोर्नियांतील सांता आना येथें निघालेलें मंडळ मात्र रुजलें, आणि आज त्याच्या शाखा जगभर आहेत.

या मंडळांची रीत पाहण्याजोगी आहे. भाषण बहुधा पांच ते सात मिनिटांचें. एक सभासद घड्याळ सांभाळतो, दुसरा वक्त्याचे अडखळण्याचे उद्गार मोजतो, तिसरा भाषणाचें परीक्षण करतो. हीं कामें दर सभेस नव्या हातीं जातात. ज्याचें भाषण नाहीं, त्यासही आयत्या वेळीं दिलेल्या विषयावर मिनिट-दोन मिनिटें बोलण्याची संधि मिळते.

मर्म येथेंच आहे. लाजाळू मनुष्य पहिल्या सभेस कुतूहलानें येतो, दुसरीस भिडेनें; तिसरीस यावयाला त्याच्या हातीं कांहीं काम असावें लागतें. तें नसेल तर तो येत नाहीं, आणि न येण्याचें कारणही सांगत नाहीं.

दुसरी गोष्ट परीक्षणाची. वर्गांत मुलांना बोलावयास उभें करण्यांत माझीं बरींच वर्षें गेलीं. नुसत्या ‘छान’नें मुलगा सुधारत नाहीं, आणि दहा चुका ऐकून पुन्हा उठत नाहीं. ‘तुझा दाखला चांगला होता, मात्र वाक्याच्या शेवटीं आवाज पडतो, तेवढा सांभाळ,’ असें म्हटलें कीं पुढच्या वेळीं तो आपणहून हात वर करतो. प्रौढांचीही तीच गत.

तिसरी गोष्ट. दोन सभा चुकविलेल्या सभासदाच्या घरीं कोणीतरी जावें. वर्गणी मागावयास नव्हे, विचारपूस करावयास.

आणि संस्थापकांनीं खुर्ची लवकर सोडावी. ते गैरहजर असतांही सभा वेळेवर सुरू झाली, कीं त्या दिवशीं मंडळ खरोखर स्थापन झालें असें समजावें.