घाटातला दगड

चढावर मालट्रक बंद पडतो. तो मागे सरू नये म्हणून क्लीनर चाकाखाली दगड लावतो. ते बरोबरच आहे. पण गाडी चालू झाली, की दगड तिथेच राहतो! रात्री मागून कोणी मोटारसायकलवर येतो. काळ्या डांबरावरचा काळा दगड त्याला दिसावा कसा?

हिशेब करून पाहू. ताशी ४० किलोमीटर वेगाने आपण एका सेकंदात ११ मीटर पुढे जातो. दगड दिसून ब्रेक दाबेपर्यंत तेवढी वाट सरलेली असते. म्हणून अंधारात वेग इतकाच ठेवावा, की दिव्याच्या उजेडाच्या आत गाडी थांबेल. पुढच्या गाडीला चिकटूनही जाऊ नये. तिच्या पोटाखालून निघालेला दगड आपल्याला अगदी शेवटी दिसतो.

उसाच्या दिवसांत ट्रॉलीतून मोळ्या पडतात, चिरडतात. वर पहाटेचे दव! तिथे आधीच वेग कमी करावा, एकदम ब्रेक दाबू नये.

आता दगड लावणाऱ्यांचे. चढावर सुटलेली गाडी पुन्हा थांबवणे जिवावर येते, हे खरे. तर मग थांबवू नये. क्लीनरने मागे राहून दगड कडेला टाकावा. आपण पुढे सपाटीवर थांबावे. तो येईल चालत.