खिशातील यंत्र आणि त्याची पूरक गुंतवणूक : भिलाईच्या निमित्ताने
(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



नव्या यंत्राचे आकर्षण ही भिलाईला नवी गोष्ट नाही. सिव्हिक सेंटरमध्ये किंवा पॉवर हाऊसच्या बाजारात उभे राहून आजचा तरुण मोबाईलच्या प्रोसेसरचा वेग, कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल आणि बॅटरीची क्षमता यांवर ज्या हिरिरीने बोलतो, त्याच हिरिरीने त्याच्या आजोबांची पिढी झोतभट्टीच्या क्षमतेविषयी बोलत असणार. तंत्रज्ञानाचा असा शौकीन हा अर्थशास्त्राच्या दृष्टीने थट्टेचा विषय नव्हे. नवे साधन महाग असताना ते विकत घेणाऱ्या ग्राहकांमुळेच त्याची बाजारपेठ उभी राहते, उत्पादनाचे प्रमाण वाढते आणि कालांतराने तेच साधन इतरांना स्वस्तात मिळते. प्रश्न निराळा आहे. साधन हाती येणे ही एक घटना आणि त्यातून उत्पादकता अथवा कल्याण वाढणे ही दुसरी. या दोहोंच्या दरम्यान काय घडावे लागते?

या प्रश्नाचे एक उत्तर भिलाईच्याच इतिहासात सापडते. येथील पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात २ फेब्रुवारी १९५५ रोजी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. प्रारंभिक क्षमता वार्षिक १० लाख टनांची होती. परीक्षेच्या दृष्टीने विद्यार्थी एवढे तपशील पाठ करतात. तथापि झोतभट्टी एकटी उभी राहिली नव्हती, हे लक्षात घेणे अगत्याचे आहे. तिच्यासाठी दल्ली-राजहराच्या लोहखाणी विकसित कराव्या लागल्या आणि लोहमार्ग टाकावे लागले. भारतीय अभियंत्यांना सोव्हिएत संघात प्रशिक्षणासाठी पाठवावे लागले, तर तेथील तज्ज्ञांना येथे आणावे लागले. कामगारांसाठी सेक्टरनिहाय वसाहत, शाळा, रुग्णालय उभारावे लागले. अर्थशास्त्रात यास पूरक गुंतवणूक म्हणतात. ती नसती, तर दुर्गच्या माळरानावर लोखंडाचा एक खर्चिक सांगाडा तेवढा उभा राहिला असता.

आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेच्या मोटारीसंबंधी हीच बाब दाखवून दिली. अमेरिकेत वीज आली तेव्हा कारखानदारांनी वाफेच्या इंजिनाच्या जागी मोटार बसविली, मात्र कारखान्याची जुनी मांडणी तशीच ठेवली. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार मिळून इमारतीची आणि कामाची रचना बदलेपर्यंत कित्येक दशके गेली, आणि उत्पादकतेतील मोठी वाढ त्यानंतरच दिसली.

आता खिशातील यंत्राकडे वळू. २०१६ नंतर डेटाचे दर कोसळले आणि स्मार्टफोनचा प्रसार विलक्षण वेगाने झाला. सांख्यिकी मंत्रालयाच्या २०२५ च्या दूरसंचारविषयक नमुना पाहणीनुसार देशातील सुमारे ८५ टक्के कुटुंबांत किमान एक स्मार्टफोन आहे. पोलाद कारखान्याच्या बाबतीत यंत्राबरोबर पूरक गुंतवणूकही आली होती. येथे यंत्र पुढे गेले आणि ती गुंतवणूक मागे राहिली.

छत्तीसगढमध्ये हा प्रयोग शासकीय पातळीवरही झाला. २०१८ मध्ये राज्य सरकारने संचार क्रांती योजना सुरू केली. ग्रामीण कुटुंबांतील महिला, शहरी गरीब महिला आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना मोफत स्मार्टफोन देण्याची ही योजना होती आणि सुमारे ५० लाख फोनचे उद्दिष्ट होते. त्याच वर्षाच्या अखेरीस सत्तांतर झाले आणि पुढील वाटप थांबले. मात्र तोपर्यंत लाखो फोन महिलांच्या नावे घरोघरी पोहोचले होते. आता राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहावेत. २०१५-१६ च्या पाहणीत छत्तीसगढमधील सुमारे ३१ टक्के महिलांकडे मोबाईल होता. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ४१ टक्के झाले. याच काळात देशाचे प्रमाण सुमारे ४६ वरून ५४ टक्क्यांवर गेले. म्हणजे वाढ झाली, राष्ट्रीय वाढीपेक्षा थोडी अधिकही झाली, तथापि एवढ्या मोठ्या वाटपानंतर अपेक्षा करावी तेवढी ती नव्हती. पाहणीतील प्रश्नाची शब्दरचना येथे महत्त्वाची ठरते. ‘घरात फोन आहे का’ एवढेच तेथे विचारले जात नाही; महिला स्वतः वापरते असा मोबाईल तिच्याकडे आहे का, असे विचारले जाते. (आकडा वाचण्यापूर्वी प्रश्न वाचावा, ही सवय स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडते.) फोन कुणाच्या नावे आला हे योजनेने ठरविले, तो कुणाच्या हाती राहील हे घराने ठरविले. रिचार्जचा खर्च, वाचता येण्याचा प्रश्न, आपल्या बोलीत मजकूर नसणे आणि ‘बाईला फोन कशाला’ ही घरातील धारणा, यांवर कोणताही हँडसेट आपोआप मात करीत नाही.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत चित्र अधिक बोलके आहे. ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आदल्या आठवड्यात शैक्षणिक कामासाठी तो वापरणारे ५७ टक्के होते, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारे ७६ टक्के. या आकड्यांवरून नव्या पिढीला दूषणे देण्याची प्रथा आहे. ती फारशी उपयोगाची नाही. निम्म्याहून अधिक मुले अभ्यासासाठी फोन वापरतात, ही सामान्य गोष्ट नव्हे. विचार करायचा तो दुसऱ्या बाजूच्या बाजारपेठेचा.

हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच असा विचार मांडला होता की माहिती विपुल झाली की माणसाचे अवधान दुर्मीळ होते. ज्या ॲपसाठी ग्राहक पैसे देत नाही, तेथे हेच अवधान विकले जाते आणि जाहिरातदार ते विकत घेतो. एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होणे, पडदा कितीही सरकवला तरी तळ न लागणे, दर काही मिनिटांनी सूचनेचा आवाज येणे ही या बाजारपेठेची उत्पादनतंत्रे आहेत. शून्य किमतीच्या वस्तूलाही संधिव्यय असतो. परीक्षार्थीच्या बाबतीत तो तासांत मोजावा लागतो.

हा व्यय खरोखर किती, हे मोजण्याचा एक प्रयत्न अमेरिकेत झाला. हंट ऑलकॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये काही वापरकर्त्यांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले. या लोकांचा दिवसाकाठी सुमारे एक तास मोकळा झाला, समाधानात थोडी वाढ झाली, मात्र बातम्यांविषयीचे ज्ञान घटले. प्रयोग संपल्यावरही अनेकांचा वापर पूर्वीपेक्षा कमी राहिला. माध्यम निरुपयोगी नव्हते. लोक ते स्वतःच्या इच्छेपेक्षा अधिक वापरत होते, असा याचा अर्थ लागतो. शौकीन ग्राहकालाही हे लागू पडते. कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल वाढत गेले तरी प्रत्येक वाढीची सीमांत उपयोगिता घटत जाते, आणि तरीही नवे मॉडेल घ्यावेसे वाटत राहते.

अवधानाची बाजारपेठ जुगाराशी जोडली गेली की काय होते, हेही भिलाईने पाहिले आहे. ‘महादेव’ नावाच्या सट्टेबाजीच्या ॲपचे सूत्रधार मूळचे भिलाईचे असून ते दुबईतून व्यवहार चालवीत, असे अंमलबजावणी संचालनालयाचे म्हणणे आहे. ओळखीच्या लोकांना ‘पॅनेल’ म्हणजे एक प्रकारची शाखा चालवायला देऊन नफा ७० : ३० प्रमाणात वाटून घेतला जाई, असेही तपासात सांगण्यात आले. ५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने या ॲपसह २२ बेकायदा ॲप व संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्यातील गणित समजून घ्यावे.

नाणेफेकीसारखी समान शक्यतेची पैज घेऊ. १०० रुपये लावले आणि जिंकल्यास २०० ऐवजी १९० मिळाले, तर प्रत्येक डावातील अपेक्षित परतावा ९५ रुपयांचा. पाच टक्के ही वजावट किरकोळ भासते. तेच पैसे पुन्हा पुन्हा लावत गेल्यास दहाव्या डावाअखेर १०० रुपयांचे अपेक्षित मूल्य ६० रुपयांच्या आसपास उरते. पूर्वी सट्टा लावायला माणूस गाठावा लागे, ठिकाण गाठावे लागे. दहा डावांना दहा दिवस लागत. ॲपवर त्यास दहा मिनिटे पुरतात. स्मार्टफोनने संधीचा वेग वाढविला तसा तोट्याचाही वाढविला. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली. अशा खेळांत सुमारे ४५ कोटी लोक दरवर्षी सुमारे २०,००० कोटी रुपये गमावतात, असा अंदाज त्या वेळी सरकारतर्फे मांडण्यात आला होता.

तेच यंत्र पूरक व्यवस्था लाभताच कसे वागते, याचीही उदाहरणे आहेत. केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाईल सेवा पोहोचली. समुद्रातूनच भाव विचारून कोणत्या बंदरात मासळी उतरवायची हे मच्छीमार ठरवू लागले. रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासानुसार बाजारांतील भावांची तफावत घटली, मासळी फेकून देणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्क्यांनी स्वस्त मिळाली. तो फोन स्मार्ट नव्हता. नाव, बंदर आणि खरेदीदार आधीपासून होते. उणीव केवळ माहितीची होती आणि ती फोनने भरून काढली. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयलाही बँक खाती आणि आधारचा पाया आधीच मिळाला होता. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात तिचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले, ते या पायामुळे.

छत्तीसगढपुरती सर्वांत मोठी उणीव भाषेची आहे. गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ३० लाख आहेत. ते बस्तरमध्ये आहेत तसे महाराष्ट्राच्या गडचिरोलीतही आहेत, तेलंगण व मध्य प्रदेशातही. त्यांच्या भाषेत दैनिक नाही, बातमीपत्रे नाममात्र. २०१० मध्ये पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ हा उपक्रम सुरू केला. त्यासाठी साधा मोबाईल पुरे. ठरावीक क्रमांकावर फोन करून हिंदीत किंवा गोंडीत निरोप ध्वनिमुद्रित करायचा. संपादक तो पडताळणार आणि मग तो फोनवरूनच इतरांना ऐकता येणार. रोजगार हमीची मजुरी थकली आहे, हातपंप बंद आहे, शाळेत शिक्षक येत नाहीत, असे निरोप येऊ लागले. ऐकणारे संबंधित अधिकाऱ्यांना फोन करू लागले. काही तक्रारी सुटल्या आणि त्या सुटल्याचे निरोपही ध्वनिमुद्रित झाले. वाचता न येणाऱ्यासाठी हे खऱ्या अर्थाने माध्यम होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये आदिवासी कार्य मंत्रालयाने ‘आदि वाणी’ या भाषांतर ॲपची प्राथमिक आवृत्ती आणली. त्यात संथाळी, भिली, मुंडारी आणि गोंडी या भाषा आहेत आणि ते घडविणाऱ्या संस्थांत नवा रायपूर येथील भारतीय माहिती तंत्रज्ञान संस्थाही आहे. भिलाईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत वित्तीय तंत्रज्ञानाचे नवोपक्रम केंद्र काम करीत आहे. गोंडीत बोलून खात्यातील शिल्लक विचारता येणे, हा या दोन प्रवाहांच्या संगमावरचा प्रश्न आहे. मात्र गोंडी एकसारखी नाही, ती जिल्ह्यागणिक बदलते, आणि यंत्राला शिकविण्यासाठी हजारो तासांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून लिहून काढावे लागते. हे काम बाजारपेठ आपण होऊन अंगावर घेणार नाही, कारण त्याचा लाभ सर्वांना आणि खर्च एकट्याला. दल्ली-राजहराच्या खाणीही अशाच कारणाने सार्वजनिक पैशातून खोदल्या गेल्या होत्या.