गोवर्धनच्या दप्तराची साक्ष



गोदावरीच्या तीरावरील या पुरातन नगरीत सर्व नाशिककरांच्या वतीने मी आपणां सर्वांचे अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. युद्धाच्या धामधुमीत प्राचीन नाण्यांची मालकी कोणाकडून कोणाकडे गेली, आणि त्या फिरण्यात न्याय किती व जुलूम किती होता, याचा शोध हा आपल्या परिषदेचा विषय आहे. माझी हयात दिवाणी अदालतीत, जमीनजुमल्याचे कज्जे चालविण्यात गेली; स्वागत समितीने हा मान मला दिला तो नाण्यांच्या ज्ञानासाठी नव्हे, तर या गावावरील माझ्या निष्ठेसाठी दिला, असे मी समजतो. म्हणून गावाविषयी थोडे अधिक बोललो, तर तो यजमानाचा हक्क मानून आपण ऐकून घ्यावे, ही प्रारंभीच विनंती.

पद्मनगर, त्रिकंटक, जनस्थान अशी नावे परंपरेने ज्या नगरीला दिली, मोगलांच्या अमदानीत जिचे गुलशनाबाद झाले आणि पेशवाईत जी पुन्हा नासिक झाली, त्या नगरीत पंचवटी आहे, रामकुंड आहे आणि काळाराम मंदिर आहे. त्याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. पलीकडे नदीकाठी सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधलेले देवालय आहे आणि त्याच्या प्राकारावर वसईच्या विजयाची आठवण सांगणारी प्रचंड घंटा टांगलेली आहे. युद्धात जिंकलेली वस्तू जवळ बाळगणारे आणि तिचे मूळ न विसरलेले हे गाव आहे. आपल्या विषयाला या भूमीत परकेपणा वाटू नये.

परंतु मला आपल्याला नेऊन दाखवावयाची आहेत ती त्रिरश्मी पर्वतावरील चोवीस लेणी, ज्यांना आम्ही पांडवलेणी म्हणतो. उद्या दुपारी तेथे जाण्याची व्यवस्था केलेली आहे. पायऱ्या पुष्कळ आहेत. वयोवृद्ध पाहुण्यांनी घाई करू नये, स्वयंसेवक बरोबर असतील. तेथील दहाव्या लेण्यात क्षहरात वंशातील राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षुसंघासाठी तीन हजार कार्षापण नाण्यांची अक्षयनीवी, म्हणजे मूळ रकमेला कधीही हात लागावयाचा नाही अशी ठेव, नाशिकजवळच्या गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी दोन हजार दरमहा शेकडा एक या दराने आणि एक हजार शेकडा पाऊण या दराने. दोन हजारांच्या व्याजातून वर्षावासात राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे. त्याच लेखात सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण, एका सुवर्णास पस्तीस कार्षापण, असा भावही नोंदलेला आहे.

राजे आणि सरदार सर्वांच्या स्मरणात राहतात. मला मात्र त्या गोवर्धनच्या कोष्ट्यांचे फार अगत्य वाटते. ज्यांच्यापैकी एकाचेही नाव दगडावर कोरले गेले नाही, पण ज्यांच्या सचोटीवर राजाच्या जावयाने आपली अक्षय ठेव सोपविली, असे ते मागवाले होते. राजाच्या खजिन्यापेक्षा त्याला विणकरांचा शब्द अधिक टिकाऊ वाटला, हे या भूमीचे केवढे मोठे भूषण! आणि आपल्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट त्या लेखातच पुढे आहे: हे सारे दान निगमसभेत जाहीर करण्यात आले आणि वहिवाटीप्रमाणे फलकावर, म्हणजे आजच्या भाषेत दप्तरी, नोंदविण्यात आले. दानाला साक्ष हवी, ठेवीला नोंद हवी, हे आमच्या गोवर्धनला सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच उमगलेले होते.

तिसऱ्या लेण्यातील लेख तर मी वकील म्हणून कितीदा तरी वाचला आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य मोडले, आणि आपल्या राजवटीच्या अठराव्या वर्षी विजयी सेनेच्या तळावरून गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास हुकूम पाठविला की, पश्चिम कखडी गावातील जे दोनशे निवर्तनांचे शेत आजवर उषभदात उपभोगीत होता, ते आता त्रिरश्मीवरील यतींना द्यावे. हा उषभदात म्हणजेच तो उषवदात, असे विद्वान सामान्यतः मानतात. पुढे चोविसाव्या वर्षी राजमातेसह दुसरा हुकूम निघाला: कखडी गाव ओस पडले आहे, शेत कसले जात नाही, सबब त्याऐवजी नगरसीमेवरच्या सरकारी जमिनीतून शंभर निवर्तने द्यावीत. युद्धाने मालक बदलला, पुढे गाव ओस पडले, आणि तरीही जिंकणाऱ्या राजाने हरलेल्या वहिवाटदाराचे नाव पुसले नाही. ते दगडात कोरविले. आमच्या तलाठ्याच्या दप्तरात जशी प्रत्येक फेरफारावर आधीच्या खातेदाराची नोंद राहते, तशी ही नोंद. असा दाखला दुसऱ्या कोणत्या गावाला दाखविता येईल, मला ठाऊक नाही.

आता नाण्यांकडे. याच जिल्ह्यात, दारणा आणि गोदावरी यांच्या संगमाजवळ, सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी गावी १९०६ साली नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. रेव्हरंड स्कॉट यांनी अभ्यासलेल्या त्या निधीत तेरा हजारांहून अधिक नाणी होती, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता: नहपानाच्या मुद्रेवर कमानींचा पर्वत, उलट बाजूस उज्जयिनीचिन्ह. नव्या ठशाखालून जुन्या राजाचे नाक, ओठ आणि ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिपींतील अक्षरांचे अवशेष डोकावतात. म्हणजे नाण्याच्या अंगावरच युद्धाचा निकाल लिहिलेला आहे, आणि पूर्वीचा धनी कोण हेही लिहिलेले आहे. याच नाशकात १९२८ पासून चलनी नोटांचा छापखाना आहे. आणि त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीच्या पायथ्याशी १९८० साली डॉ. परमेश्वरी लाल गुप्त यांच्या प्रेरणेने नाणकशास्त्राच्या अभ्यासासाठी संशोधन संस्था उभी राहिली, ज्या संस्थेच्या आश्रयाने कित्येक अभ्यासक घडले.

आणि आमच्या सार्वजनिक वाचनालयाविषयी न बोलता मी पुढे गेलो, तर उद्या गावात मला तोंड दाखविणे कठीण होईल. पेशवाई बुडून जेमतेम बावीस वर्षे झालेली, आगगाडी यावयास तेरा वर्षे अवकाश, मुंबई विद्यापीठ स्थापन व्हावयास सतरा वर्षे; अशा काळात, १८४० साली, या गावाने वाचनालय काढले. टिळकपथावरील ती वास्तू, जिला आम्ही आपुलकीने ‘सावाना’ म्हणतो, म्हणजे नाशिकचे दुसरे दैवत. वि. वा. शिरवाडकरांसारख्या ज्येष्ठ साहित्यिकाने जिच्या अध्यक्षपदाची धुरा वाहिली, त्या संस्थेचा मला एक आजीव सभासद होता आले, याहून मोठा बहुमान मला ठाऊक नाही. जुन्या नियतकालिकांच्या बांधीव संचांतून, पिवळ्या पडलेल्या जाहिरातींतून आणि व्याख्यानांच्या वृत्तांतांतून गतकाळातील माणसे पुन्हा उभी राहतात. आणि अशा कागदांचे मोल जाणणाऱ्या माणसाला आपल्या विषयाचे मर्मही थोडेफार कळते.

कारण ते मर्म कागदातच आहे. गेल्या शतकातील युद्धांनी नाण्यांवर ठसा मारला नाही. नाणे जसेच्या तसे ठेवले आणि धनी तेवढा पुसला. जर्मनीत एप्रिल १९३८ मध्ये पाच हजार मार्कांवरील मालमत्ता नोंदविण्याची सक्ती ज्यू नागरिकांवर झाली, आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये सोने, चांदी व जवाहीर नगरपालिकांच्या गहाणखात्यांत जमा करण्याचा हुकूम निघाला. पिढ्यान्‌पिढ्या जमविलेले संग्रह असे मातीमोल झाले. फ्रँकफुर्टच्या काहन घराण्यातील हर्बर्ट काहन यांच्यासारखे जे वेळीच, १९३३ सालीच, बाझेलला निघून गेले, ते वाचले आणि विद्वान म्हणून नावाजले; इतर अनेकांची नाणी कोणाच्या पेटीत गेली याचा पत्ता अद्याप लागत नाही. बर्लिनचा नाणेसंग्रह १९४५ नंतर सोव्हिएत रशियात गेला आणि १९५८ साली परत आला. लिबियातील सायरीन येथे १९१७ साली आर्टेमिसच्या मंदिरात सापडलेला निधी दुसऱ्या महायुद्धात इटलीत नेण्यात आला, १९६१ साली परतला, आणि २०११ सालच्या यादवीत बेनगाझीच्या बँकेच्या तळघरातून चोरीस गेला. अफगाणिस्तानातील मीर जकाह येथे १९४७ साली निघालेल्या निधीत आपल्या भारताची आहत नाणी मोठ्या संख्येने होती. तो निधी ज्यात होता तो काबूल संग्रहालयातील नाणेसंग्रह १९९० नंतरच्या यादवीत लुटला गेला, आणि आज त्या निधीचा मुख्य आधार म्हणजे कुरिएल व श्लुम्बर्जे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेला ग्रंथ. ग्रंथ उरला म्हणून दावा सांगता येतो.

आपल्यापैकी काही विद्वानांनी मला समजावून सांगितले ते असे. हाताने पाडलेले नाणे दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. चकतीचा आकार, ठसा किती सरकला, काठाला तडा कोठे गेला, यांवरून ओळख पटते. मात्र एकाच ठशाची दोन नाणी म्हणजे एकच नाणे नव्हे, हा विवेक सुटला की खोटा दावा उभा राहतो. जुन्या लिलावसूचींतील छायाचित्रे बहुधा नाण्यांची नसून त्यांच्या प्लॅस्टरच्या ठशांची असत, म्हणून त्यांत धातूचा रंग दिसत नाही, पण काठ आणि तडे दिसतात. त्या सूचींचे मोठे भाग आता हायडेलबर्गसारख्या ग्रंथालयांनी सर्वांना पाहावयास खुले केले आहेत. जोडीला संग्राहकाने नाण्याखाली ठेवलेली हस्तलिखित चिठ्ठी, व्यापाऱ्याची खतावणी, विम्याची यादी आणि निर्वासिताने सरकारदरबारी केलेला अर्ज. यांपैकी एक दुवा तुटला, तर उरलेले दुबळे होतात. आणि दुवे बनावटही असतात: सीझरच्या वधाचे स्मारक म्हणून ब्रूटसने पाडलेले एक सुवर्णनाणे २०२० साली लंडनच्या लिलावात विक्रमी किमतीस गेले, त्याच्या पूर्वेतिहासाचे कागद खोटे ठरले, आणि २०२३ साली ते ग्रीसला परत करण्यात आले. विकत घेणारा निष्पाप असला तरी मूळ मालकाचा हक्क बुडत नाही, हे माझे जुने मत. नाझींनी हिरावलेल्या कलावस्तूंविषयीच्या १९९८ सालच्या वॉशिंग्टन परिषदेत चव्वेचाळीस राष्ट्रांनी न्याय्य तोडग्याचे तत्त्व मान्य केले, ते मला त्याच दिशेचे वाटते.

आता व्यवस्थेविषयी. ज्या निवासस्थानाच्या चालकांवर आमची भिस्त होती, त्यांनी ऐनवेळी शब्द फिरविल्यामुळे कित्येक पाहुण्यांची सोय सभासदांच्या घरी करावी लागली; घरे लहान आहेत, पण मने तशी नाहीत. काल रात्री उशिरा आलेल्यांना स्थानकावर वाहनासाठी ताटकळावे लागले, याचा मला अतिशय खेद आहे. भाषांतरकार अपुरे आहेत. वक्त्यांनी कृपया सावकाश बोलावे. परदेशी पाहुण्यांसाठी तिखट कमी ठेवण्यास आचाऱ्यांना बजावले आहे, तरी नाशिकचा चिवडा खाताना जपावे. जागेच्या टंचाईमुळे नाण्यांचे प्रदर्शन दोन दालनांत विभागावे लागले. पहारा चोख आहे, पण अभ्यासकांना पायपीट होईल. यांतील प्रत्येक उणिवेची जबाबदारी समितीची, म्हणजे प्रथम माझी आहे, आणि आपण उदार मनाने क्षमा करावी.

जे चांगले दिसेल, त्याचे श्रेय इतरांचे आहे. सराफ बाजारातील पेढीवाल्यांनी पुराची धास्ती असतानाही सढळ हाताने देणगी दिली. तांबट आळीतील कारागिरांनी स्मृतिचिन्हे घडविली आणि मजुरी घेण्यास नकार दिला. द्राक्षबागायतदारांनी हंगाम कठीण गेला असूनही फळांचा भार उचलला. महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनी आठवडाभर रात्री जागल्या. महानगरपालिकेच्या सफाई कामगारांनी सभागृहाचा परिसर काल मध्यरात्रीपर्यंत झाडला. एका वृद्ध भगिनीने आपल्या दिवंगत यजमानांच्या स्मरणार्थ मोठी रक्कम दिली आणि नाव जाहीर करू नये असे सांगितले. ती आज्ञा मी पाळतो. या सर्वांच्या ऋणातून नाशिक मुक्त होऊ इच्छीत नाही.

पाहुण्यांना एकच विनंती: आपले निबंध आणि सूचींच्या प्रती सार्वजनिक वाचनालयाकडे पाठवाव्यात, म्हणजे आमच्या मुलांना त्या वाचता येतील. आणि नाशिककरांनो, जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर पडलेली मोडी बाडे, पेढ्यांच्या रोजकीर्दी, पूर्वजांनी नाण्यांबरोबर जपून ठेवलेल्या चिठ्ठ्या, वाडा पाडताना रद्दीवाल्याकडे देऊ नका; त्या वाचनालयात आणून द्या, पोच घ्या, आणि त्या कोणाच्या घरातून आल्या हे आपल्या हाताने नोंदवहीत लिहा.