देखाव्याचा डोंगर आणि घरातली चाळण



गेल्या वर्षी गणपतीआधी एका मंडळाने आमच्या गटाकडून माथेरानच्या गाडीचा देखावा करून घेतला. ही छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली. नेरळहून ती वळणं घेत डोंगर चढते आणि तिच्या दोन रुळांत जेमतेम दोन फुटांचं अंतर आहे. आम्ही कागदाच्या लगद्याचा डोंगर केला, हिरवा रंग फासला आणि सेलवरची खेळण्यातली गाडी सोडली. मंडळाची माणसं म्हणाली, "ताई, हा डोंगर आहे की हिरवी सतरंजी? आधी नीट करा, मग उरलेले पैसे." हातात आठच दिवस होते.

चूक रंगाची नव्हती. डोंगराला पोतच नव्हता. खऱ्या डोंगरावर माती, खडी, गवत, झुडपं असं सगळं लहानमोठं असतं. मग आम्ही माप ठरवलं ते गाडीच्या दारावरून. डब्याचं दार दोन सेंटिमीटर. खरं दार साधारण दोन मीटरचं धरलं, तर सगळं शंभर पट लहान हवं. म्हणजे रव्याचा मोठा कण ही रुळाखालची खडी, आणि गव्हाएवढा खडा हा चांगला दोन फुटी धोंडा! अंगणातले खडे तसेच टाकले असते, तर गाडीवर दरड कोसळल्यासारखं दिसलं असतं.

मग घरच्या चाळण्या निघाल्या. माथेरानचा माथा जांभ्या दगडाचा, म्हणून तांबडी माती आणली. ती उन्हात वाळवून तिचे तीन ढीग केले: वस्त्रगाळ, रव्याएवढा आणि गव्हाएवढा. वस्त्रगाळ माती पायवाटेला, रव्याएवढी उताराला, मोठे खडे कड्याच्या पायथ्याशी. गवतासाठी लाकडाचा भुसा तीन वेगळ्या हिरव्या रंगांत रंगवला. उंच गवताला काथ्या, झाडांना वाळक्या घोसाळ्याची जाळी. चहाचा चोथा पाचोळ्यासारखा दिसतो, पण तो कडक वाळवा, नाहीतर बुरशी धरते.

चिकटवताना एक भाग पांढरा डिंक आणि दोन भाग पाणी घ्या. त्यात भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन थेंब टाका, म्हणजे पाणी मातीवर गोळा न होता आत मुरतं. आधी माती पसरा, पाण्याचा हलका फवारा द्या, मग डिंकाचं पाणी थेंबाथेंबाने सोडा. रात्रभर हात लावू नका.

आमची गाडी तरीही मध्येच अडली. तांबड्या मातीत लोखंडाचे बारीक कण असतात. ते गाडीच्या मोटारीतल्या लोहचुंबकाला जाऊन चिकटले होते. म्हणून माती पसरण्याआधी तिच्यातून लोहचुंबक फिरवा, आणि काम चालू असताना रूळ कागदाने झाकून ठेवा. दिवाळीच्या किल्ल्याला हे लागत नाही, कारण तिथे काही धावत नाही.

आठव्या दिवशी गाडी चढली आणि उरलेले पैसेही मिळाले. तुम्ही करणार असाल, तर आधी वीतभर पुठ्ठ्यावर करून बघा. तो पुठ्ठा डोळ्यांच्या उंचीवर धरा. दाराशी उभं राहून डोंगर बघतोय असं वाटलं, तर पुढचं काम घ्या.