इंधन संपत आलंय, हे कुणी सांगायचं?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



‘संघटनेतली निर्णयप्रक्रिया’ असा जडजंबाळ विषय मला दिलाय. त्याऐवजी मी एका विमानाची हकीकत सांगणार आहे.

२८ डिसेंबर १९७८. अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सचं १७३ क्रमांकाचं विमान डेन्व्हरहून पोर्टलंडला पोचत होतं. आत १८९ माणसं. उतरण्यासाठी चाकं खाली सोडली तेव्हा जोराचा धक्का बसला आणि चाकं पक्की बसल्याचा हिरवा दिवा काही लागला नाही. उजव्या चाकाचा एक दांडा गंजून तुटला होता. चाक धाडकन खाली आलं आणि दिव्याची जोडणी बिघडली, हे नंतरच्या तपासात कळलं. चाकं खाली आलेली होती. पंखावर त्यासाठी खूण असते, तीही फ्लाइट इंजिनिअर मागे जाऊन बघून आला होता.

तरी कप्तानानं जवळपास तासभर विमान घिरट्या घालत ठेवलं. तो बेफिकीर मुळीच नव्हता. अनुभवी होता, प्रवाशांची काळजी करत होता. हवाईसेविकांना तयारीला पुरेसा वेळ मिळावा, घाई होऊ नये, हेच त्याच्या डोक्यात होतं. आणि इकडे इंधन जळत होतं.

कप्तान म्हणाला, अजून पंधरा मिनिटं धरा. इंजिनिअर म्हणाला, पंधरा मिनिटांत इंधन फारच कमी होईल. म्हणजे बघा, त्यानं सांगितलं होतं! पण ‘आता उतरलंच पाहिजे’ असं ठणकावून ना तो म्हणाला, ना शेजारी बसलेला सहवैमानिक. मग एकेक इंजिन बंद पडत गेलं. विमानतळापासून दहा-अकरा किलोमीटरवर, शहराच्या वस्तीत विमान कोसळलं. दहा माणसं गेली. त्यांत तो इंजिनिअर होता आणि एक हवाईसेविकाही.

चौकशी अहवालानं कप्तानाला दोष दिलाच. पण शिफारस केली ती मला फार महत्त्वाची वाटते: कप्तानांना सर्वांना सामील करून घेऊन काम करायला शिकवा, आणि हाताखालच्यांना आपलं म्हणणं ठामपणे मांडायला शिकवा. हे आपल्या एखाद्या शिबिराच्या टिपणातलं वाक्य वाटतं की नाही? १९८१ मध्ये युनायटेडनं तसं प्रशिक्षण सुरूही केलं. १९८९ मध्ये त्यांच्याच एका विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झाली. तेव्हा प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कप्तानानं मदतीला घेतलं. विमान आपटलंच, ११२ माणसं गेली. पण २९६ पैकी १८४ वाचली. कप्तान अल हेन्स यांनी त्याचं श्रेय या प्रशिक्षणाला दिलं.

जाता जाता एक. त्याच १९८१ साली आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयात नर्गेश मिर्झा खटल्याचा निकाल लागला. पहिल्या गरोदरपणात हवाईसेविकेची नोकरी संपवणारा एअर इंडियाचा नियम न्यायालयानं रद्द केला; नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर नोकरी जाण्याचा नियम मात्र कायम ठेवला. संकटात दारं उघडून माणसं बाहेर काढायची ती हिनं, आणि कंपनीचं लक्ष हिच्या लग्नावर नि पोटावर!

आता आपल्याकडे येऊ. आपल्यात साहेब नाहीत, सगळ्या ‘ताई’ आहेत. पण ताईसमोर बोलणं साहेबासमोर बोलण्याहून सोपं असतं का? मला तर कधी कधी ते जास्त अवघड वाटतं. साहेबाचा राग येतो, ताईविषयी माया असते. तिनं आयुष्य घातलेलं असतं चळवळीत. मग वस्तीत रोज जाणाऱ्या मुलीला दिसत असतं की या बाईला आज सासरी परत पाठवणं धोक्याचं आहे. ती म्हणते, “ताई, जरा बघायला हवं.” ताई म्हणते, “हो, बघू.” झालं. बोलणं झाल्याची नोंद होते आणि बाई सासरी जाते.

म्हणून ‘मोकळेपणानं बोला’ एवढं भिंतीवर लावून भागणार नाही. केसच्या बैठकीत सर्वांत नव्या कार्यकर्तीनं आधी बोलावं, ताईनं शेवटी. आणि धोका सांगताना ‘जरा’, ‘बहुतेक’ हे शब्द गाळून काय होईल नि कधी होईल ते सांगावं. ताईनं ते स्वतःच्या शब्दांत परत म्हणून दाखवावं. वेळ जाईल, मान्य. काही जणींना हे उद्धटपणाचं वाटेल, तेही मान्य.

आता पाच-पाच जणींचे गट करू. प्रत्येक गटात ज्येष्ठ ताईंनी पहिली दहा मिनिटं फक्त ऐकायचं आहे.