हैदराबादची इस्पितळे आणि तातडीची रुग्णसेवा : एक सिंहावलोकन
(महाजन-मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



देवस्थानच्या व्यासपीठावरून इस्पितळांची कथा कशासाठी, असा प्रश्न काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात उद्भवणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर मंदिराच्या प्राकारातच मिळते. वार्षिकोत्सवास मुंबई, पुणे, बेळगाव, हैदराबाद अशा दूरदूरच्या ठिकाणांहून कुळावी येतात. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांची संख्या त्यांत वर्षागणिक वाढतेच आहे. पालखी प्रदक्षिणेस निघालेली असता एखाद्या वृद्ध महाजनाच्या छातीत कळ आली, तर पुढच्या पाऊण तासात काय करावयाचे, याचा विचार फार थोड्या समित्यांच्या इतिवृत्तांत आढळेल. हैदराबाद नगराने हा विचार फार मोठ्या प्रमाणावर केला, चुका केल्या आणि त्या सुधारल्या. काही अद्याप सुधारावयाच्या आहेत. यास्तव त्या नगराचे उदाहरण घेतले आहे.

हैदराबादेत मुसी नदीच्या काठी, उस्मानिया इस्पितळाच्या आवारात एक जुने चिंचेचे झाड आहे. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीस महापूर आला, सहस्रावधी माणसे वाहून गेली आणि नदीकाठचे अफझलगंज येथील जुने इस्पितळ उद्ध्वस्त झाले. त्या वेळी सुमारे दीडशे माणसे या झाडाच्या फांद्यांना धरून राहिली आणि वाचली, अशी आठवण तेथे आजही सांगितली जाते. दर वर्षी त्या दिवशी लोक झाडापाशी जमून मृतांचे स्मरण करतात. पुरानंतर अभियंता विश्वेश्वरय्या यांस पाचारण करण्यात आले आणि त्यांच्या योजनेतून उस्मानसागर व हिमायतसागर हे तलाव उभे राहिले. नष्ट झालेल्या इस्पितळाच्या जागी सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत व्हिन्सेंट एश या इंग्रज वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार घुमट-कमानींनी नटलेली भव्य वास्तू बांधली गेली. सन १९२५ च्या सुमारास ती पूर्ण झाली. नदीपलीकडचे उच्च न्यायालयही याच एशचे.

वैद्यकाच्या क्षेत्रात हैदराबाद तेव्हा नवखे नव्हते. तेथील वैद्यकीय शाळा सन १८४६ ची. (पणजीची एस्कोला मेदिका सन १८४२ ची, म्हणजे तिच्याहून चार वर्षांनी वडील, हे गोमंतकीयांनी सहसा विसरू नये.) सन १८८८ व १८८९ मध्ये क्लोरोफॉर्म या भुलीच्या औषधाने रुग्ण का दगावतात याचा शोध घेण्यासाठी तेथे दोन आयोग बसले. रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी हे त्यांचे सूत्रधार असून खर्च निजाम सरकारचा होता. लंडनच्या सुप्रसिद्ध ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने दुसऱ्या आयोगासाठी आपला तज्ज्ञ धाडला. रूपाबाई फरदुनजी ही पारशी विदुषी याच परंपरेतून पुढे आली. जगातील अगदी आरंभीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत तिची गणना होते. आयोगाने काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला. क्लोरोफॉर्म हृदयावर थेट आघात करीत नाही, असे लॉरी सांगत होते. पुढे सन १९११ च्या सुमारास लेव्ही या संशोधकाने तो तसा आघात करतो हे दाखवून दिले. राजाश्रय आणि सद्हेतू ही दोन्ही असली तरी निष्कर्ष खराच निघेल असे नाही, याचा हा एक नमुना.

त्याच नगरीतील निलोफर इस्पितळाचा जन्म एका मृत्यूतून झाला. निजामाच्या स्नुषा राजकन्या निलोफर यांची एक आवडती दासी बाळंतपणात, योग्य उपचारांच्या अभावी, मरण पावली. राजवाड्यात सेवा करणाऱ्या स्त्रीस जर ही गत, तर गल्लीबोळांतील स्त्रियांची काय कथा, या विचाराने राजकन्येने स्त्रिया व बालकांसाठी इस्पितळ उभारण्याचा आग्रह धरला आणि सन १९५३ मध्ये ते सुरू झाले. आज तेलंगणाच्या कानाकोपऱ्यांतून आजारी बालके तेथे आणली जातात. संपत्ती जवळ होती, दासी राजवाड्यातच होती, इस्पितळेही नगरात होती. तरी ती वाचली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या कथेत मराठी माणसाचा संबंध दुहेरी आहे. सन १९५६ पर्यंत औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे हैदराबाद संस्थानात व नंतर त्याच नावाच्या राज्यात होते. मराठवाड्यातील मोठे दुखणे म्हणजे हैदराबादची वारी, असे समीकरण दोन पिढ्यांच्या अंगवळणी पडले होते. रुग्णास बैलगाडीत घालून रेल्वेस्थानकावर आणावयाचे, मीटरगेज गाडीत बसवावयाचे आणि उस्मानियाच्या ओसरीवर नातेवाइकांनी शिधा शिजवावयाचा, अशी ती वारी. सन १९५६ मध्ये औरंगाबादेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या इस्पितळास लोक आजही ‘घाटी’ म्हणतात. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईस, ऐंशीच्या दशकात नांदेडला आणि नंतर लातुरास महाविद्यालये झाली. तरीही किनवट, देगलूर, उदगीर या बाजूचा रुग्ण अवघड शस्त्रक्रियेसाठी आजही बहुधा हैदराबादचाच रस्ता धरतो. राज्याची सीमा बदलली, परंतु आजारी माणसाची वाट बदलावयास फार काळ लागतो.

विशेष उपचारांची केंद्रे नगरात एकामागून एक निघाली. निजामाच्या धर्मादाय न्यासाच्या पैशातून सन १९६४ मध्ये अस्थिरोगांचे इस्पितळ सुरू झाले. ऐंशीच्या दशकात त्याचे रूपांतर निजाम्स इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये झाले आणि अमेरिकेतून परतलेले क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. काकर्ल सुब्बाराव यांनी त्यास नावारूपास आणले. लोक त्यास ‘निम्स’ म्हणतात. सन १९८८ मध्ये ज्युबिली हिल्सवर अपोलो आले आणि त्यामागून खासगी इस्पितळांची रीघ लागली. त्यांची नामावळी येथे देण्याचे प्रयोजन नाही. सर्व काही एका नगरात एकवटले, हाच खरा प्रश्न होता.

त्याचे एक सुंदर उत्तर डोळ्यांच्या वैद्यकाने दिले. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी सन १९८७ मध्ये एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था स्थापन केली. तिच्या व्यवस्थेची रचना त्रिकोणाकार मनोऱ्यासारखी आहे. तळाशी सुमारे पन्नास हजार वस्तीमागे एक दृष्टिकेंद्र असते. तेथे गावातलाच प्रशिक्षित तरुण डोळे तपासून चष्मा देतो. त्याच्यावर पाच लाख वस्तीमागे एक शस्त्रक्रियेचे केंद्र, तेथे मोतीबिंदू काढला जातो. शिखरावर हैदराबादेतील मुख्य संस्था असून तेथे केवळ अवघड रोगी जावयाचे. अशा ग्रामीण केंद्रांतील पहिले सन १९९६ मध्ये तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मुधोळ येथे निघाले आणि त्यास भोसले गोपाळराव पटेल यांचे नाव आहे. हे मुधोळ म्हणजे बासरच्या सरस्वतीच्या क्षेत्राजवळचे, नांदेडच्या सीमेवरचे गाव. तेथे मराठी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलली जातात. ज्या म्हातारीस मोतीबिंदूसाठी मुलाची रजा आणि आगगाडीचे तिकीट यांची वाट पाहावी लागे, तिचे काम तालुक्याच्या गावी होऊ लागले. सोहळ्यात नारळ फोडलेल्या कित्येक मोठ्या इमारतींपेक्षा या लहानशा केंद्राचे मोल अधिक मानावे लागेल.

परंतु मोतीबिंदू थांबू शकतो, हृदयविकाराचा झटका थांबत नाही. रक्तवाहिनीत गाठ अडकली की हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाने मरत जातो. मेंदूत अशी गाठ अडकली असता ती विरघळविण्याचे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच द्यावयाचे असते. अपघातातील जखमीचा पहिला तास तर सुवर्णकाळच मानला जातो. म्हणून इस्पितळ किती मोठे यापेक्षा रोगी तेथे किती वेळात आणि कोणत्या स्थितीत पोचला, हा प्रश्न आधी येतो.

१५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादेत १०८ क्रमांकाची सेवा सुरू झाली ती याच प्रश्नातून. त्यापूर्वी रुग्णवाहिका म्हणजे बहुतेक ठिकाणी निजावयास फळी असलेली गाडी; तिच्यात चालकाखेरीज कोणी नसे आणि भाडे ठरविल्यावाचून ती हलत नसे. नव्या व्यवस्थेत दूरध्वनी विनाशुल्क, गाडी विनाशुल्क, गाडीत प्राणवायू आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ. फोन घेणारा पत्ता व लक्षणे विचारून जवळची गाडी धाडतो आणि ती येईतो काय करावे तेही सांगतो. सत्यम या संगणक-उद्योगाचे रामलिंग राजू यांनी ही संस्था उभी केली होती आणि शासनाने तिच्या खर्चाचा भार उचलला. जानेवारी २००९ मध्ये सत्यमच्या हिशेबांतील गैरव्यवहार खुद्द राजूंच्या कबुलीने उघडकीस आला. एका रात्रीत आश्रयदाता नाहीसा झाला. गाड्या मात्र चालू राहिल्या, कारण तोपर्यंत ती सेवा शासनाच्या अंदाजपत्रकाशी आणि लोकांच्या सवयीशी जोडली गेली होती. त्याच वर्षी जीव्हीके समूहाने संस्थेची धुरा घेतली. एकाच यजमानाच्या औदार्यावर चालणारे उत्सव यजमानामागे कसे आटोपते घ्यावे लागतात, हे महाजन मंडळींस सांगावयास नको.

रोगी पोचला, पण पैसे कोठून आणावे? या प्रश्नास १ एप्रिल २००७ रोजी तेव्हाच्या आंध्र प्रदेशात आरंभलेल्या आरोग्यश्री योजनेने उत्तर दिले. आरंभी अनंतपूर, श्रीकाकुलम व महबूबनगर हे तीनच जिल्हे होते. गरिबाने शिधापत्रिका दाखवावी, हृदयाची वा मेंदूची शस्त्रक्रिया करून घ्यावी आणि देयक शासनाने भरावे, अशी ती योजना. तेलंगणात तिची मर्यादा डिसेंबर २०२३ मध्ये दहा लाखांवर नेण्यात आली. महाराष्ट्राने सन २०१२ मध्ये याच धर्तीची योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि त्या आठांत नांदेड होते. योजनेस दोषही चिकटले. ज्या शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात तिची गरज अधिक वेळा भासू लागते, ही टीका निराधार म्हणता येणार नाही. शिवाय पुष्कळसा सरकारी पैसा खासगी इस्पितळांकडे वळला आणि उस्मानियासारख्या जुन्या संस्थांची डागडुजी मागे पडत गेली.

तिचा परिणाम जुलै २०२० मध्ये दिसला. पावसाचे पाणी उस्मानियाच्या जुन्या वास्तूतील रुग्णकक्षांत शिरले. खाटांखालून पाणी वाहत असल्याची दृश्ये साऱ्या देशाने पाहिली. एका पुरातून जन्मलेली वास्तू दुसऱ्या पाण्याने रिकामी करावी लागली. वारसा म्हणून जतन करावी की पाडून नवी बांधावी, हा वाद न्यायालयापर्यंत गेला. अखेर ३१ जानेवारी २०२५ रोजी गोशामहल येथे नव्या इस्पितळाची कोनशिला बसली. दरम्यान करोनाच्या साथीत गच्चीबौलीची एक क्रीडावसतीची इमारत इस्पितळात परिवर्तित झाली. सन २०२२ मध्ये सनतनगर, एल. बी. नगर व अलवाल येथे प्रत्येकी एक हजार खाटांच्या नव्या इस्पितळांचा पाया घातला गेला. उस्मानिया, गांधी आणि निम्स यांवरील भार चारी दिशांस वाटला जावा, हा त्यामागील हेतू.

आणखी एक प्रसंग. २ फेब्रुवारी २०२१ रोजी मेंदू मृत झालेल्या एका शेतकऱ्याचे हृदय, कुटुंबाच्या संमतीने, नागोलहून ज्युबिली हिल्सपर्यंत मेट्रो रेल्वेने नेण्यात आले. सुमारे एकवीस किलोमीटरचे अंतर. वाटेत एकाही स्थानकावर न थांबता गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचली. त्यासाठी नवी इमारत बांधावी लागली नाही. वैद्य, रेल्वे आणि पोलीस यांनी आधी एकमेकांशी बोलून ठेवले होते.

आता गोमंतकाकडे वळावयाचे. हैदराबादेत जन्मलेली १०८ सेवा सन २००८ मध्ये येथे आली. बांबोळीच्या महाविद्यालयातील हृदयरोग विभागाशी सन २०१८ पासून लहान केंद्रे जोडण्यात आली आहेत. झटक्याचा रोगी जवळच्या केंद्रात आला की हृदयाचा आलेख बांबोळीस पाठविला जातो आणि तज्ज्ञाच्या सल्ल्याने गाठ विरघळविणारे औषध तेथेच टोचले जाते. गाडीच्या चाकाचा तुंबा बांबोळीस आणि आरे खेडोपाडी, अशी ही रचना आहे. ३ मे २०२५ च्या पहाटे शिरगाव येथे लईराई देवीच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन काही भाविक दगावले आणि अनेक जखमी झाले; त्यांना म्हापसा व बांबोळी येथे हलवावे लागले. त्या दिवशी कोणाचे चुकले हे ठरविण्याचे हे स्थान नव्हे. परंतु अरुंद वाट, दाट गर्दी आणि रात्रीची वेळ ही तिन्ही लक्षणे गोव्यातील बहुतेक जत्रांस लागू आहेत.

देवस्थान समितीने इस्पितळ काढावे, अशी सूचना येथे मुळीच नाही. तो खर्च झेपणारा नाही आणि ते काम तिचे नव्हे. झेपणाऱ्या गोष्टी लहान आहेत. रथाच्या वा पालखीच्या दिवशी एक दरवाजा आणि एक रस्ता गाड्या व दुकाने यांपासून मोकळा असावा आणि त्याची किल्ली कोणाकडे आहे हे चौघांस ठाऊक असावे. उत्सवाची तारीख व गर्दीचा अंदाज १०८ च्या कार्यालयास तसेच जवळच्या आरोग्यकेंद्रास आधी कळवावा. अग्रशाळेतील तळमजल्याची एक खोली प्राणवायूच्या नळकांड्यासह राखून ठेवावी. महाजन कुटुंबांतील दहा-बारा तरुण-तरुणींनी छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याची क्रिया शिकून घ्यावी. एका दिवसात ती शिकता येते. फोनवर स्थळ सांगताना नुसते देवीचे नाव सांगितल्यास एकाच नावाची दोन-तीन मंदिरे निघतात, म्हणून गाव, वाडा व ठळक खूण यांचा एक फलक अग्रशाळेच्या दारात, दूरध्वनीच्या क्रमांकासह, लावून ठेवावा. या वर्षीच्या उत्सवाच्या अंदाजपत्रकात रोषणाईसाठी जी रक्कम धरली जाईल, तिच्या अल्पशा अंशात हे सर्व भागेल. समितीच्या पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, एवढी विनंती करून हे व्याख्यान येथे पुरे करण्यात येत आहे.